खिंडीच्या अलीकडून

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावाने बोटं मोडायला नको: मी खिंडीपर्यंत पोचले नाही. कॉकेशसच्या बर्फातली ती खिंड, तिच्यावरचा पडका दगडी बुरूज, पलीकडे दिसतात म्हणे ती ओळीने उभी शिखरं, यातलं काही म्हणजे काही मी पाहिलेलं नाही. पाहायलाच गेले होते. जवळ पोचलेही होते. आणि तिथून सगळ्यांना मागे फिरवून आणलं. बहरीनच्या मराठी मंडळींत त्यावरून अजून माझी थट्टा चालते. चालू द्या. पण एकदा माझ्या तोंडून ऐका आणि मग काय हसायचं ते हसा.

मी वंदना. मूळची अकोल्याची. अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात सुरक्षा विभागात काम करते, आणि ते काम करता करता पन्नाशी कधी ओलांडली कळलं नाही. बहरीनमध्ये हिवाळा म्हणजे काय, तर जानेवारीत एसी बंद करून खिडकी उघडायची आणि कपाटातलं स्वेटर एकदा अंगावर घालून कौतुकाने आरशात बघायचं. डोंगर म्हणाल तर वाळवंटात जबल दुखान नावाची एक टेकडी आहे, तीच आमचं एव्हरेस्ट. अशा मुलखातून बर्फात चालायला जायचं ही कल्पना माझी नव्हती. ती आमच्या पोट्टीची, माझ्या लेकीची.

तिचं पूर्ण नाव संघमित्रा, घरात मित्रा. जन्म इथला, शाळा इथली, आता सीफमध्ये एका ऑफिसात नोकरी. तिला आपलं वऱ्हाडी सगळं कळतं, अगदी शिव्यांसकट, पण उत्तर येतं ते इंग्रजीत. वर्षभर तिचं एकच चाललं होतं: जॉर्जियाला जायचं, भर हिवाळ्यात, त्या खिंडीवर. ठरलेला रस्ता नाही, रोपवेचा पाळणा नाही, पायाला रॅकेटसारख्या जाळ्या बांधायच्या आणि कोऱ्या बर्फातून चढत जायचं. मी हिमस्खलनाचे दोन-चार व्हिडिओ पाहिले आणि माझं जेवणातलं लक्ष उडालं. अख्खा उतार चादर ओढल्यासारखा खाली येतो, आणि त्यात माणूस कुठे गेला ते दिसतही नाही.

"आई, आय ॲम गोइंग. विथ ऑर विदाउट यू," ती म्हणाली.

"मग विथ," मी म्हटलं.

झालं. फोनवर फोन. अकोल्याहून माझी बहीण म्हणाली, "तुले काय गरज पडली वो? बर्फच पाह्यचा असंन तं फ्रीज उघड!" इथल्या एका बाईंनी मला प्रेमाने समजावलं की असले शौक आपल्यासारख्यांचे नसतात. त्या 'आपल्यासारख्यां'वर माझं टाळकंच सटकलं. 'तुम्ही इथे येऊ नका' हे आमच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या ऐकलंय. पाणवठ्यावर ऐकलंय, शाळेच्या दारात ऐकलंय, आणि जिथे जिथे ऐकलं तिथे तिथे आम्ही जाऊन दाखवलंय. मित्राला मी लहानपणापासून हेच शिकवलं होतं. त्यामुळे आता जाणं भागच होतं.

सीफ आणि साखीर

डोंगर नसलेल्या देशात चढायचा सराव कसा करतात? सीफमधल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, आणि गाड्या चढतात त्या उतारावरून आम्ही मायलेकी खालून वर, वरून खाली. चौथ्या-पाचव्या दिवशी सिक्युरिटीवाला न राहवून जवळ आला. "मॅडम, गाडी अभी तक नहीं मिली क्या?"

जॉर्जियाला निघालेल्या आमच्या पाच जणांच्या तुकडीचा म्होरक्या श्रीरंग. पुण्याचा, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेला. माणूस लाखातला. त्याचा ट्रेकचा नियम एकच: सगळे एकत्र. कुणी पुढे पळायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही, एकाचा पाय घसरला की चार हात पुढे आले पाहिजेत. त्याचे दोन मित्रही त्याच तालमीतले. सह्याद्रीत याच नियमाने त्याने कितीतरी जणांना सुखरूप घरी आणलंय, आणि तो ते अभिमानाने सांगतो.

बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला प्रत्येकाच्या छातीवर एक बीपर असतो. एकाचा बीपर दुसऱ्याच्या बीपरला खूण देत राहतो, मग लांब काठी खुपसून नेमकी जागा शोधायची आणि फावड्याने उकरायचं. हे सगळं भराभर, कारण बर्फाखालचा माणूस फार वेळ तग धरत नाही. सराव करायला आमच्याकडे बर्फ कुठला? मग आम्ही साखीरच्या वाळवंटात गेलो. हिवाळ्यात तिथे बहरीनी कुटुंबं तंबू ठोकून राहतात. श्रीरंगने एक बीपर वाळूत पुरला आणि आम्ही काठ्या खुपसत फिरायला लागलो.

शेजारच्या तंबूतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. अबू युसुफ म्हणून स्वतःची ओळख करून दिली. बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मग त्यांच्या हिंदीत विचारलं, "क्या ढूंढता? सोना?"

"नहीं चाचा, आदमी," श्रीरंग म्हणाला.

त्यांचा चेहरा पडला. मग मित्राने अरबीत नीट समजावलं की बर्फाचा सराव चाललाय. म्हातारबुवा पोट धरून हसले. "बर्फ? इधर बर्फ मफी! यल्ला, पहले गहवा पियो." मफी म्हणजे 'नाही', यल्ला म्हणजे 'चला'. तंबूत बसवून त्यांनी वेलदोड्याची कडू कॉफी पाजली, मुहर्रकचा केशरी हलवा खाऊ घातला, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले की समुद्रातली माणसं आम्ही, आमच्या बापजाद्यांना एकच माहीत होतं, वारा फिरला की नाव वळवायची. मी मान डोलावली. तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

वाटेत

त्बिलिसीला उतरलो तेव्हा थंडीने नाकाचा शेंडा कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा झाला. तिथून गाडीने वर, गुदौरीच्या पुढे, एका खेड्यात. दगडी घरं, छपरावर हातभर बर्फ, धुराड्यातून लाकडाचा वास. घरमालकीण बाईंनी आल्या आल्या ताटात वाफाळते खिंकाली ठेवले. आता खिंकाली म्हणजे काय, तर आपले उकडीचे मोदक, तशाच कळ्या, तसंच टोक, पण आत सारणाऐवजी मटण आणि रस्सा! टोकाला धरून उलटा करायचा, आधी रस्सा ओढून घ्यायचा, मग बाकीचं. श्रीरंगच्या मित्राने पहिला घास मोदकासारखा घेतला आणि सगळा रस्सा स्वेटरवर. मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मी मात्र पाच खाल्ले आणि टोकं ताटात शिस्तीत मांडून ठेवली, कारण टोक खायचं नसतं, किती खाल्ले ते मोजायला ठेवायचं असतं. वर मी बहरीनहून नेलेला मुहर्रकचा हलवा दिला. त्या थंडीत तो दगड झाला होता, पण बाईंनी चुलीजवळ ठेवून मऊ केला आणि डोळे मिटून खाल्ला.

आमचा वाटाड्या गियोर्गी. तांबूस दाढी, बोलणं मोजकं. तो इंग्रजीत बोलायचा, मी इथे आपल्या भाषेत सांगते. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला एका उतारावर नेऊन फावड्याने खड्डा खणला आणि बर्फाची भिंत दाखवली. मी समजत होते बर्फ म्हणजे एकच पांढरं काहीतरी. छे! चिरोट्यासारखे थरावर थर. एक कडक, एक मऊ, आणि तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे दाणे. त्याने ते माझ्या हातमोज्यावर ओतले, एकही दाणा दुसऱ्याला धरत नव्हता.

"हे खाली, आणि वरती जड थर," गियोर्गी म्हणाला. "पावलाचा भार पडला की वरचा थर या दाण्यांवरून सुटतो. नेहमीच नाही. कधीकधी."

"कधी ते कसं कळणार?" मी विचारलं.

"म्हणून तर धंदा चाललाय माझा," तो हसला.

मग त्याने आणखी सांगितलं. बर्फ आभाळातून पडतो तेवढाच नसतो, वारा तो एका बाजूने उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, आणि वाऱ्याच्या आडोशाला जो उतार शांत, गुबगुबीत दिसतो तोच भरलेला असतो. वादळानंतरचं पहिलं लख्ख ऊन सगळ्यात फसवं, कारण माणसाला हुरूप येतो. श्रीरंग म्हणाला, "आमच्याकडे उलटं. आमच्याकडे धुकं-पाऊस म्हणजे थांबा, ऊन म्हणजे निघा. आणि चढायला आम्ही नाळ धरतो, दोन कड्यांमधली घळ." गियोर्गीने मान हलवली. इथे घळीत शिरलात तर वरचा सगळा बर्फ तुमच्याच डोक्यावर येणार, वाट धरायची ती धारेने, म्हणजे डोंगराच्या उंच कण्यावरून.

शेवटी त्याने दोन नियम सांगितले. पहिला: धोक्याच्या उतारावर एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून बघायचं, म्हणजे काही झालं तर एकच सापडेल आणि बाकीचे त्याला उकरून काढायला शिल्लक राहतील. दुसरा: कुणीही एकाने 'नाही' म्हटलं की सगळे मागे. कारण विचारायचं नाही.

दुसरा नियम ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. वितळलेल्या धातूत थेंबभर पाणी गेलं तरी स्फोट होतो, म्हणून आमच्या कारखान्यात त्याच्याजवळ ओलाव्याचा नुसता संशय आला तरी कुणीही काम थांबवू शकतो. नवा पोरगा असो की साहेब. कामगाराने थांबवलं आणि नंतर काहीच निघालं नाही, तरी त्याला कुणी बोलायचं नाही, ही सवय लावायला मला वर्षं लागली आहेत.

धारेवर

दोन दिवस हलक्या चढणींवर काढले. मित्रा हरणासारखी पुढे आणि मी मागून, गुडघ्याला शिव्या घालत, पण चालले. खरं सांगते, मजा आली. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. एका दुपारी आम्ही फडक्यातून शेंगदाण्याची चटणी आणि तिथली गरम रोटी खाल्ली, समोर निळसर सुळके, आणि मित्रा माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "थँक्स फॉर कमिंग, आई." एवढ्यावरच मी पुढची दोन वर्षं काढली असती.

तिसऱ्या दिवशी वादळाने घरात कोंडलं. रात्रभर वारा छपराशी भांडत होता. आणि त्यानंतरची सकाळ अशी उजाडली की काय सांगू! आभाळ धुऊन काढलेलं, ऊन चांदीचं. श्रीरंगने दारातच हात पसरले. "चला! असा दिवस परत मिळायचा नाही."

गियोर्गीने आधी फोनवर हिमस्खलनाचा इशारा पाहिला. धोक्याचा आकडा तीन, म्हणाला. पाचातला तीन. "एक असला तर सगळे जातात, पाच असला तर कुणी जात नाही. तीनला मात्र वाद होतात." जाऊन बघू, वाटेत ठरवू, असं म्हणून निघालो.

धारेने चढलो. खिंड समोर दिसायला लागली, बुरुजाचे दगडसुद्धा. मध्ये एक छोटा उतार आडवा ओलांडायचा होता. फार मोठा नव्हता, खाली सपाटी होती, पण गियोर्गी म्हणाला की इथूनच नियम पाळू, एकेक जण या. तो गेला. मग मित्रा निघाली. अर्ध्यावर तिच्या पायातली जाळी अडकली आणि ती तोंडावर आपटली. काठी खाली घरंगळत गेली. तिला उठता येईना.

आणि श्रीरंग धावला. त्याच्यामागे त्याचे दोन्ही मित्र. "थांब मित्रा, आलो!" मोठ्या मनाची माणसं, क्षणाचाही विचार केला नाही. आणि मी? माय वो, मी तर त्यांच्याही पुढे! ज्या गुडघ्याला दोन दिवस शिव्या घातल्या तो गुडघा कुठे गेला होता कोण जाणे. आम्ही सगळे त्या उतारावर तिच्याभोवती गोळा झालो, कुणी हात धरतोय, कुणी बर्फ झटकतोय, कुणी विचारतोय लागलं का. पलीकडून गियोर्गी ओरडत होता, "मागे! एकेक! मागे जा!" कुणाच्या कानात शिरेना.

काही झालं नाही. बर्फ जागचा हलला नाही. मित्रा उठली, सगळे हसलो, पुढे गेलो. गियोर्गी मात्र हसला नाही.

मग तो उतार आला. खरा. खिंडीखालचा, रुंद, गुबगुबीत, रात्रभर वाऱ्याने भरलेला, आणि त्याच्या पायथ्याला घळ. त्याच्यावरून आदल्या कुठल्यातरी तुकडीच्या पावलांची अर्धवट बुजलेली रांग गेलेली. गियोर्गीने कडेला खड्डा खणला, बर्फाच्या कापलेल्या ठोकळ्यावर फावडं ठेवून वर हाताने थापा मारल्या. बऱ्याच थापांनंतर थर सुटला. "वाईट नाही, चांगलंही नाही," तो म्हणाला. "अंतर ठेवून, एकेक करून, कुठेही न थांबता जाता येईल. कुणी पडलं तर बाकीच्यांनी जागेवरून हलायचं नाही. मी विचारतो. सगळ्यात नवा माणूस आधी, म्हणजे इतरांचं ऐकून बोलणार नाही." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

बर्फातलं मला काय कळतं? शून्य. गियोर्गीला कळतं, आणि तो म्हणत होता जाता येईल. पण त्याच्या त्या 'हलायचं नाही'वर सगळं अडलं. आमची माणसं मला कळतात. मित्रा मधोमध पडली तर श्रीरंग जागेवर उभा राहील? त्याचे मित्र राहतील? मी राहीन? अर्ध्या तासापूर्वीच आम्ही उत्तर देऊन बसलो होतो. या उतारावर एक सापडला तर बाकीच्यांनी त्याला काढायचं असतं, आणि आम्ही सगळेच्या सगळे एकाच जागी सापडणार होतो, मायेपोटी.

"नाही," मी म्हटलं.

"व्हॉट?" मित्रा ओरडली. "आई! इट्स राइट देअर!"

"दिसून राहिली मला. नाही."

"पण वंदनाताई, कारण तरी सांगा," श्रीरंग म्हणाला.

"कारण विचारायचं नाही," गियोर्गी म्हणाला, मराठी न कळताही. त्याने फावड्याची दांडी दुमडली, पिशवीत घातली आणि वळला. मला त्या दाढीवाल्याच्या पाया पडावंसं वाटलं.

चुलीजवळ

उतरताना मित्रा ताडताड पुढे निघून गेली. संध्याकाळी चुलीजवळ ती फुटली, धडाधड इंग्रजीत. तूच शिकवलंस ना मला, कुणी सांगितलं म्हणून मागे फिरायचं नाही? अडवणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून जायचं? वर्षभर मी एका गोष्टीसाठी मेहनत केली आणि मला अडवलं कुणी, तर तू!

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तरी मी हटले नाही. "हे बघ पोरी, लायकी नाही म्हणून कुणी आपल्याला दारात अडवलं तर दार मोडायचं. तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. पण त्या डोंगराने कुठे विचारलं होतं तू कोण, कुठली? त्याच्यापुढे माझी मी फिरले, माझ्या अकलेने. मला कुणी फिरवलं नाही. 'नाही' म्हणायचा हक्कसुद्धा आपल्याला आयता नाही मिळालेला."

"नथिंग वुड हॅव हॅपन्ड," ती म्हणाली.

"नसतंच झालं, असं धरून चल," मी म्हटलं. "तरी नाही."

ती उठून गेली. मालकीणबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला.

आणि आता तुम्हाला हसायचं तर इथे हसा. दुसऱ्या दिवशी एक परदेशी तुकडी तोच उतार चढून खिंडीवर जाऊन आली. खुशाल. गाल लाल, तोंडभर हसू. त्यांनी आम्हाला बुरुजाचे फोटो दाखवले. श्रीरंगने ते बघितले, माझ्याकडे बघितलं, आणि सभ्य माणूस आहे म्हणून काही बोलला नाही. मी म्हटलं, "छान फोटो आहेत." होतेच छान.

परत बहरीन

मुहर्रकच्या विमानतळावर उतरले तेव्हा कानात उबदार वारा शिरला आणि बरं वाटलं. त्या शुक्रवारी मंडळी जमली तेव्हा सुरुवात झाली. "काय वंदनाताई, बर्फ घाबरला म्हणे तुम्हाला बघून?" "पुढच्या वेळी जबल दुखानला न्या ताईंना, तिथे हिमस्खलन मफी!" मीही हसले. कितीदा सांगणार की थांबवलेल्या कामात अपघात होत नाही, म्हणून कुणाला काही दिसतही नाही? जे सरकलं नाही त्याचे फोटो नसतात. मी पुन्हा तिथे उभी राहिले तर पुन्हा 'नाही'च म्हणेन, हे मात्र प्रत्येकाला तोंडावर सांगितलं.

घरात मित्रा कामापुरतं बोलायची. मार्चमध्ये ती परत निघाली, त्याच खिंडीवर, या वेळी ऑफिसातल्या मैत्रिणी आणि दुसराच कुणी वाटाड्या. मला 'चल' म्हटलं नाही. मी तिच्या पिशवीत चटणीचा डबा ठेवला आणि बीपरमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या. जाऊ नको, म्हटलं नाही. म्हणायचा मला काय अधिकार? पण ज्या दिवशी ती वर जाणार होती त्या दिवशी मी कारखान्यात होते आणि दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका शिफ्टवाल्याने हेल्मेट उलटं घातलं असतं तरी मला दिसलं नसतं.

सुट्टी होऊन बसची वाट बघत उभी होते तेव्हा फोन वाजला.

"आई."

"बोल."

"आम्ही परत फिरलो. खाली गावात आलोय." मराठीत बोलत होती. "खिंड अगदी समोर होती."

"कोण म्हटलं?"

"मी. मी 'नाही' म्हटलं. सगळ्या चिडल्यात माझ्यावर. कारण विचारत होत्या."

"मग?"

"सांगितलं नाही."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, भर रस्त्यात, कारखान्याच्या फाटकासमोर. शेजारचा बांगलादेशी कामगार घाबरून विचारायला लागला, "दीदी, सब ठीक?" मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि फोनमध्ये एवढंच विचारलं, "जेवली का?"

"चटणी संपली," ती म्हणाली.

तो उतार त्या दिवशी नंतर सरकला की नाही, मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.